वाटेत लागतं म्हणून

स्किप्टन स्टेशन, खिडकी क्रमांक एक.
दोन नंबरची गेल्या हिवाळ्यात बंद झाली,
तिच्यात आता झाडू-बादल्या असतात.
मंगळवार. सकाळची घाई ओसरलेली.
हेस्टर डगडेल हातमोजे काढून काचेपाशी ठेवते,
म्हणते, व्हाइटहेवन. जाऊन-येऊन.

मी माझं पाठ केलेलं सुरू करते:
सगळ्यात स्वस्त ते आगाऊ तिकीट,
पण त्यात गाडी ठरलेली,
चुकली की चुकली,
आणि मधे कुठे उतरायचं नाही.

उतरायचं नाही म्हणजे?

म्हणजे फाटकाबाहेर पाय टाकलात
तर तिकीट तिथेच संपलं.

ती मान हलवते. नको.

मग बिनगर्दीच्या वेळेचं घ्या. थोडं महाग.
सकाळच्या गाड्यांना चालत नाही,
पण नंतरची कुठलीही पकडा, महिन्याभरात परत या,
जाताना मधे उतरा, चहा घ्या,
पुन्हा पुढच्या गाडीत बसा.
आम्ही त्याला प्रवासखंड म्हणतो.

प्रवासखंड, ती म्हणते,
तोंडात गोळी घोळवावी तसं.

आता उरला मार्ग.
तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो,
आणि तपासनीस सोडून कुणी वाचत नाही.
कार्लाइलवरून गेलात तर डोंगर, आणि पैसे कमी.
कार्नफोर्थवरून गेलात तर समुद्रकाठ,
हळू गाडी, काही ठिकाणी हात केला तरच थांबणारी.
एकीकडचं तिकीट दुसरीकडे चालत नाही.
वाकडी वाट केलीत तर दंड.

समुद्राकडची आर्नसाइडला थांबते?
थांबते.
हात करावा लागतो?
नाही, तिथे आपणहून थांबते.

मला वाटलं आपण तिचं भलं करतोय.
म्हटलं, आर्नसाइडलाच जायचं असेल
तर त्याचं तिकीट निम्म्याहून कमी पडेल.
तिने अशी पाहिलं, जसं मी तिचं वय विचारलं.
आर्नसाइडला कोण जातंय?
मी व्हाइटहेवनला निघालेय.
ते वाटेत लागतं.

मागे सायकलचं चाक घेतलेला माणूस खाकरला.
मग तिने काचेला सांगितलं, मला नाही:
मेरियल. धाकटी. एकोणीस वर्षं.
आईच्या शिवणयंत्रावरून.
मुद्दाम गेले तर तिला वाटेल, आली शेवटी.

समुद्राकडचं छापलं. नारिंगी पट्टीचे दोन तुकडे.
माझी आई मीरपूरहून कीथलीला आली
ती एकेरी तिकिटावर,
तिला कुणी मार्ग विचारला नव्हता.
का कोण जाणे, हे मला तेव्हाच आठवलं.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा उभी.
जातानाचा तुकडा काचेखालून सरकवला.
आर्नसाइडच्या पुढचा प्रवास शिल्लक आहे, म्हणाली,
तो आता वापरता येईल?
नाही येणार. जाण्याचा भाग त्या दिवसापुरताच.
नियम वाचून दाखवताना
माझा आवाज जरा खालीच गेला.

विचारू नये ते विचारलं. भेट झाली?

दार तिनेच उघडलं.
मी म्हटलं, पुढची गाडी तासाभरात आहे.
ती म्हणाली, मग कोट काढू नकोस.
उभ्या उभ्याच चहा घेतला.
खाडीवर भरतीचा भोंगा वाजला,
दोघी खिडकीशी गेलो, पाणी आत येताना बघितलं.
यंत्र तिथेच आहे. वर कुंडी ठेवलीय तिने.

मग मोजे काढून काचेपाशी ठेवले.
व्हाइटहेवन, म्हणाली. जाऊन-येऊन.
समुद्राच्या बाजूने.
मधे उतरता येईल असं.

या खेपेला स्वस्त तिकिटाचं मी तोंडातून काढलं नाही.