अर्ध्या खड्ड्यावर फळी

वडगावातल्या आमच्या घरी माग नाही आता.
खड्डा आहे.
अण्णांचे पाय मावायचे, गुडघ्यापर्यंत,
तळाला पावड्यांनी घासून काढलेल्या दोन रेघा.
अर्ध्यावर फळी, फळीवर टेबल, टेबलावर संगणक,
आणि खाली, गारव्याला म्हणून, यूपीएस.
रात्रभर गुरगुरतो.

मी थर रचते.
बिस्मथ-ऑक्सिजनचा एक, टंगस्टनचा एक,
पुन्हा बिस्मथ.
छत्तीस अणू, एवढीच माझी वस्ती.
प्रत्येक टंगस्टनभोवती सहा ऑक्सिजन उभे राहतात
आणि जरासे कलतात,
कुणी मागून हाक मारल्यासारखे.
ऊर्जा दशांशाच्या पाचव्या घरात
अजून हलते आहे.

"आयतेन?" खिडकीतून नीलव्वा.
इन्नू इल्ल, मी म्हणते.
मग ती आईला मराठीत सांगते,
पोरगी रात्रभर विणालीय बघ,
कापड काय दिसंना.

पलीकडच्या रंगारखान्याचं पाणी आज जांभळं.
गुरुवारी हिरवं होतं.
मला एवढंच हवंय:
चमचाभर पिवळट भुकटी टाकावी,
वरून ऊन पडावं,
आणि रंग तुटत जावा, कडीकडीनं.

सगळे इलेक्ट्रॉनचं कौतुक करतात, शिंत्रे सर म्हणाले होते,
उन्हानं उचलला, वरच्या पट्ट्यात गेला,
शाब्बास.
मागं राहतं ते छिद्र.
रंग तोडतं ते.
वहीत मी तेव्हा "छिद्र" लिहून
खाली दोन रेघा मारल्या होत्या.
का, ते आत्ता कळतंय थोडंसं.

तीन वाजता हेस्कॉमनं हिसका दिला.
सगळी गल्ली काळी,
नीलव्वाच्या घरचा पंखा थांबताना ऐकू आला.
पडदा मात्र जळत राहिला
आणि उजाडता उजाडता आकडा आला:
दोन पूर्णांक एक.
हवं होतं दोन पूर्णांक सातच्या आसपास.
हे सूत्र अंतर नेहमी कमीच सांगतं,
आमच्या परशरामकाकांसारखं,
खानापूर? हे काय, इथंच की.
महाग सूत्र लावावं लागेल. आठवडा जाईल.

अण्णा चहा घेऊन आले.
खुर्ची ओढली नाही.
जमिनीवर बसले, जुन्या सवयीनं पाय
उघड्या अर्ध्यात सोडले.
"ऊब लागालीय," म्हणाले,
"म्हणजे चालू हाय न्हवं?"