पुन्हा प्रयत्न करा

मशीन म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
मी आईचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसतो,
हळू ठेव म्हणतो, आता जरा दाबून.
हिरवा दिवा लागत नाही.

मागे रांगेत तेरा जण, सगळे ओळखीचे.
राशनच्या दुकानाला लागून
आठ बाय दहाच्या खोलीत
मी गावाचे अंगठे घेतो.
हे माझं काम.
घरातला मी पहिला,
ज्याच्या कामाला वास नाही.

इस्तारी, माझा पणजा, मासळीच्या वासाचा.
ऐनाची साल उकळून जाळं रंगवायचा
आणि सुतासोबत त्याचेही हात
कोपरापर्यंत रंगत.
म्हणतात, सरणावर हातच तेवढे उशिरा जळले.
खोटं असेल.
आमच्यात प्रत्येक मेलेल्या माणसाविषयी
असं काहीतरी सांगतात.

डोमा आजानं डोंगा चालवला,
वैनगंगेच्या या थडीहून त्या थडीला:
नवरदेव, बकऱ्या, मास्तरांच्या सायकली,
एकदा तर अख्खी दंडार, पेटी-तबल्यासकट,
आणि मधोमध लुगडं नेसून बसलेला
त्याचाच भाऊ, दसरू.
पूल झाला त्या साली आजानं डोंगा
अंगणात उलटा घातला.
कोंबड्या त्याच्याखाली अंडी देऊ लागल्या.
आजा ती मोजत बसायचा.

दसरूचं काय सांगावं?
त्यानं मासा धरला नाही, वल्हं धरलं नाही.
चाळीस हिवाळे तो रात्रभर राणी होता
आणि सकाळी उपाशी.
त्याच्या कामाला घरात काम म्हणत नसत.
पण माझी बहीण पाण्याची गुंडी घेऊन
आळीच्या कोपऱ्यावर वळते,
तेव्हा पारावरचा एखादा म्हातारा
हातातला तंबाखू तसाच ठेवून म्हणतो,
दसरू.

भागरथा आजी गळ्यापर्यंत बोडीत,
रिकामं मडकं पोटाशी धरून
शिंगाडे तोडायची.
उकडलेल्या शिंगाड्यांचं काळं
नखांतून होळीपर्यंत निघत नसे.
लग्नाच्या पंगतीत ती डावा हात पदरात ठेवी.
उजव्याचं काही करता येत नसे.

आणि आई.
रोज हजार विड्या, बेचाळीस वर्षं.
मांडीवर सुपली, पत्र्याचा फर्मा, कात्री,
तेंदूचं ओलावलेलं पान, चिमूटभर जर्दा, दोरा,
मग बोटाच्या टोकानं तोंड मिटवणं,
त्याच बोटानं, त्याच जागी,
रोज हजारदा.
सट्टेदार शंभरातल्या दहा
छाट म्हणून बाजूला टाकायचा
आणि जाताना त्याच खिशात घालायचा.

मी कधी हिशोब केला नव्हता.
आज काचेवरचा कोरा डाग बघून केला:
तिच्या बोटावरच्या रेषा
विडी-विडीनं घराबाहेर गेल्या,
बंडलात बांधून, ट्रकवर चढून,
कुठल्या कुठल्या परक्या ओठांपर्यंत.
माझ्या आईचा ठसा
लोकांनी ओढून संपवला.

"कावून, येत नाही का माया अंगठा?"
"फुलवंताबाई, लिंबू चोळा," रांगेतून कोणी.
आई हसते.
"मी आहो ना इथं उभी?
मंग यंत्राले अजून काय सांगाचं?"

मी एकेक बोट लावून पाहतो.
तर्जनी नाही. मधलं नाही.
शेवटी करंगळी.
करंगळी विडीला लागत नाही,
आई ती वळताना वर उचलून ठेवायची,
एकटी, जराशी वाकडी,
रात्रीच्या उजेडात
एखाद्या राणीनं धरावी तशी.

दिवा हिरवा.

आई पिशवी घेऊन तांदळाकडे वळते.
पुढे झिबल. तो सिमेंट कालवतो.
तळवे उघडून माझ्यासमोर धरतो,
काहीच न बोलता.
मी फडकं पुन्हा ओलं करतो.