कोरी बाटली

तीस वर्षं मी थंडी भाड्याने दिली.
कुपवाडला, जाड दारांच्या चार खोल्यांत
तासगावचा बेदाणा माझ्याकडे झोपायला येतो.
खोक्यावर मालकाचं नाव, चार अंश, दार बंद.
अमोनिया नाकात इतका मुरलाय
की मोगऱ्याचा वास आला तरी मी आधी व्हॉल्व्ह तपासतो.

म्हणून सुप्रभा म्हणाली, अण्णा, मी बर्फावर काम करणार,
तेव्हा वाटलं, पोरीनं आपलीच लाइन धरली.

"काय सापडतं गं त्यात?"
"जवळजवळ काहीच नाही. ते किती, तेवढंच मोजायचं."

मग जेवताना तिने ताटातलं मीठ बोटावर घेतलं.
दहा लाख लिटरची टाकी, आपल्या भागाला पाणी देते तसली,
तिच्यात हा एवढा एक खडा.
त्याहून कमी असलं तरी तिचं यंत्र पकडतं:
समुद्राचं मीठ,
कुठल्याशा ज्वालामुखीचं गंधक,
माणसांच्या गाड्यांचं शिसं.

गंधक म्हटल्यावर मी घास थांबवला.
बेदाण्याला रंग यावा म्हणून आपल्याकडे धुरी देतात,
अख्खं शिवार खोकतं.
तीही पोचली असेल का तिथं?
बरं वाटावं म्हणून बोलणं तिला कधी जमलं नाही.
म्हणाली, "सांगता येणार नाही."

ग्रीनलंडला ती माणूसभर खोल खड्डा खणते.
पांढरा झगा, तोंडाला फडकं, मोज्यांवर मोजे,
आणि भिंतीतून बोट बोट खाली सरकत
बर्फ बाटल्यांत भरते.
वरती यंदाचं, कमरेशी गेल्या सालचं,
पायाशी तिच्या लग्नाचं वर्ष.
खोकायचं नाही. घामाचा थेंब पडता कामा नये.
तिची आई म्हणाली, एवढं सोवळं बाई आमच्यातसुद्धा नाही.
आम्ही नुसतं पाणी गाळतो
आणि फडक्यावरचा जीव परत आडात सोडतो.

दर खेपेला एक बाटली कोरी असते.
शुद्ध पाणी भरून प्रयोगशाळेतूनच नेतात,
बर्फावर तिचं झाकण काढतात, थोडं थांबतात, परत लावतात.
बर्फाचा कण आत जाऊ देत नाहीत.
परत आल्यावर तीही यंत्रातून जाते.
तिच्यात जे निघेल
ते आभाळातून पडलेलं नसतं,
ते आपण नेलेलं.

पुराच्या साली कृष्णा घरात आली.
आम्ही दोघं चार रात्री गच्चीवर,
फोन मेलेला, खाली फ्रीज तरंगत भिंतींना धडका देत होता.
हिने माझ्या धोतराच्या चार पदरांतून
पावसाचं पाणी गाळलं, मी प्यालो.
तिकडे सॅटेलाइट फोनवर पोरीला एवढंच कळलं:
सांगलीत पाणी, संपर्क नाही.
विमान आठवड्याने येणार होतं.
ती रोज खड्ड्यात उतरत राहिली.
दुसरं काय करणार होती?

दिवाळीला आली, तेव्हा चकली मोडता मोडता बोलली,
त्या चार दिवसांच्या बाटल्यांत सोडियम चढलं होतं.
मी म्हटलं, समुद्रावरून वारं आलं असेल.
"कोरीतही होतं, अण्णा."
वहीत तिने नोंद केलीय:
नमुने बाद. कारण: हाताळणी.

हिने चकलीचा डबा तिच्याकडे सरकवला.
मी उगाच पंख्याचा वेग कमी केला.

घराला आता नवा रंग दिलाय.
जिन्याजवळचा एक पट्टा तेवढा मी सोडायला लावला,
रंगारी वैतागला होता.
तिथे गाळाच्या दोन रेघा आहेत,
खालची दोन हजार पाचची, वरची एकोणीसची.

निघताना ती तिथे थांबली.
वरच्या रेघेवर नख टेकवणार,
तोच हात मागे घेतला,
आणि पिशवीत मोजे शोधू लागली.