आठवा आकडा

ऑरेस्टने डिपस्टिक काढली, चिंधीला पुसली
आणि चिंधीच माझ्यापुढे धरली.
काळ्या ऑइलमध्ये चांदीचा बारीक चुरा.
“बेअरिंगं गेली,” म्हणाला.
चार लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर
आणि समारोपाचं भाषण दोन शब्दांचं.

सास्काचेवानात ऑक्टोबर संपत आला
की दिवस घाईने आवरतं घेतो.
माझ्या साठ पेट्या अजून कॅनोलाच्या कापलेल्या शेतांच्या कडेला,
आत माश्या एकमेकींना धरून बसलेल्या.
बर्फाआधी सगळ्या कोठारात आणायच्या.
दरवर्षी आणते. दरवर्षी याच पिकअपमधून.

ऑरेस्टने कुणाच्या तरी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
विनिपेगच्या कारखान्यात नव्याने बांधलेलं इंजिन:
सहा हजार आठशे डॉलर, तीन वर्षांची हमी,
जुनं धाडून दिलं तर अनामत परत.
(मला उगाच बरं वाटलं,
या लोखंडाची कुठेतरी कुणी वाट बघतंय म्हणून.)
किंवा हाच ब्लॉक रेजायनाला पाठवायचा,
सिलिंडर घासून घ्यायचे, सहा आठवडे,
म्हणजे डिसेंबर, म्हणजे नाहीच.
किंवा गाडी काढून टाकायची.
तीन हजार देईल कुणी,
तेही टायर नवे आहेत म्हणून.

तीन हजारांच्या गाडीत सहा हजार आठशेचं इंजिन,
इथे घोडं पेंड खात होतं.
पण गेल्या साली माझा डावा गुडघा नवा बसवला,
तेव्हा बाकीच्या माझी किंमत
कुणी विचारली नव्हती.

“भंगारात एक आहे,” तो म्हणाला, जरा उशिराच.
“एक लाख सत्तर हजार चाललेलं. एकोणीसशे डॉलर. हमी नाही.
चासी नंबरातला आठवा आकडा जुळतो.
तो चुकला की वायरिंगपासून सगळं भांडत बसतं.”
कुठल्या गाडीचं?
त्याने पाना उचलला, पुन्हा ठेवला.
“लिऑनची. हिरवी.”

लिऑन डेजार्ले. एकतीस वर्षं शाळेची बस.
मार्चमध्ये गेला, झोपेतच.
जूनमध्ये भाच्याने ती हिरवी पिकअप चरीत उलटी केली.
उलटल्यावर इंजिन चालू राहिलं होतं का, मी विचारलं.
“लगेच बंद पडलं. भाच्यापेक्षा शहाणं.”

लिऑन गाडी सुरू करून दहा मिनिटं थांबायचा,
उणे चाळीस असो नाहीतर जुलै.
आम्ही हसायचो. पेट्रोल जाळतो म्हणायचो.
तो पायरीवर कॉफी घेऊन बसायचा
आणि बॉनेटकडे असा कान द्यायचा
जसं आतलं कुणी काही सांगतंय
आणि मध्ये बोलणं बरं नव्हे.
दर पाच हजाराला ऑइल बदल,
तारीख खडूने गॅरेजच्या दाराच्या आतल्या अंगाला.
मी जाऊन पाहून आले.
त्याच्या बहिणीने दार उघडून दिलं, का ते विचारलं नाही.
तारखा होत्या. एकही गाळलेली नव्हती.
हमी आणखी कशाला म्हणतात, मला माहीत नाही.

साखळीला लटकून आलं तेव्हा
वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

आता मीटर म्हणतं चार ब्याऐंशी,
इंजिन म्हणतं एक सत्तर,
गुडघा म्हणतो चौदा महिने.
विकताना कुणी विचारलं तर कुठला सांगायचा, ऑरेस्ट?
“विकू नकोस,” तो बिल फाडत म्हणाला.

आज पहाटे उणे अकरा. शेवटच्या नऊ पेट्या.
किल्ली फिरवली, लगेच धरलं.
गियर टाकला, दचकून बंद.
पुन्हा धरलं. पुन्हा गियर. पुन्हा बंद.
तिसऱ्यांदा चालू करून तशीच ठेवली,
खाली उतरले, थर्मास उघडला,
उभी राहिले बॉनेटपाशी.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
मेल्यावरही गेली नव्हती.

अकराव्या मिनिटाला निघालो.