सात नंबर

मानेवाड्यात, दुसऱ्या माळ्यावर
चाळीस फोन, लोखंडी रॅकवर, तोंडं एका दिशेला,
आणि समोर कूलर.
मे महिना आहे. ताट्या मी संध्याकाळीच भिजवल्या.
आधी फोन गार व्हावे लागतात, मग माणूस.

चाळीसही फोनांवर एकच गाणं.
आवाज शून्य.
एकतीस सेकंद, की पुन्हा पहिल्यापासून.
तिसाला मोजतात; वरचा एक सेकंद आपला, वरकड.
पहाटेपर्यंत गाणं यादीत चार घरं चढेल.
त्याचा दुसरा अंतरा कसा आहे
या खोलीत कुणालाच ठाऊक नाही.
निनादला, माझ्या भाच्याला, विचारलं
तर म्हणाला, "असंल ना मामा काहीतरी."

मी आधी सीताबर्डीला होतो,
देवाजी बारापात्रेंच्या कॅसेटच्या दुकानात.
दाराशी फळा. दर शनिवारी दहा गाणी,
खडूनं, देवाजींच्या उभट अक्षरात.
कॅसेट गेली की मी वहीत रेघ मारायचो,
पाचवी आडवी.
मेडिकलमधल्या एका नर्सनं
फीत झिजून तुटेपर्यंत ऐकली एक कॅसेट;
वहीत तिची एकच रेघ.
धंतोलीच्या साहेबांनी लग्नात वाटायला बारा नेल्या,
कुणी वेष्टनही काढलं नसेल;
त्यांच्या बारा.
फळा तेव्हाही खोटं बोलायचा,
पण रात्री झोपायचा.

आणि सात नंबर.
सात नंबरला वर्षभर एकच नाव:
इंदोऱ्याच्या प्रज्ञा रामटेके.
दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर
सतरंजीवर मांडलेल्या तिच्या कॅसेटी
खोक्यांनी खपायच्या,
ना पावती, ना मुंबईच्या कुठल्या यादीत ओळ.
आमच्या दुकानातही ती कॅसेट नव्हतीच.
गिऱ्हाईक फळा वाचून मागायचं
आणि देवाजी त्याला इंदोऱ्याचा पत्ता द्यायचे.
"वहीत तर एकही रेघ नाही," मी एकदा म्हणालो.
त्यांनी खडू झटकला.
"वहीनं नाई पाह्यलं तर काय झालं,
मी पाह्यलं ना बे."

आता ते गाणं फोनवर आहे,
कुणीतरी जुन्या फितीवरून चढवलेलं.
विकतही मिळतं, चौदा रुपयांना.
मी घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायला गेलो
तर ॲप म्हणालं, हे तुमच्याकडे आहेच.
ऐकलं गेलं: दोनशे बारा वेळा.
त्यातले माझे किती, ते सांगत नाही.

चाळीस फोन. एक बोट.
उद्या सकाळी प्रज्ञाबाई कुठल्या कुठे.
देवाजींनी केलंच असतं की,
असं मनाशी म्हणून पाहिलं.
पण फळ्यासमोर उभं राहून
कुणीही विचारू शकायचं, हे कुणी लिहिलं बे?
आणि आतून उत्तर यायचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
सातवा फोन मी रॅकवरून काढला.
गाणं बदललं, आवाज वाढवला,
ऐकू यावं म्हणून कूलर बंद केला.
एकतीस सेकंद गेले. बत्तीस. चाळीस.
दुसऱ्या अंतऱ्यात, दोन ओळींच्या मधे
पेटीवाला खोकतो.
तो खोकला कुणी कापलेला नाही.

एकोणचाळीस फोन तापू लागलेत.
अजून एक कडवं आहे.