हसं

लेनर्ट कोस्की स्वतःच्या सिनेमात स्वतःच काम करतो,
कारण नट जेवायला मागतात.
हे तो मुलाखतीत सांगायचा,
दुलुथच्या रेडिओवर, पहाटे सव्वापाचला,
जेव्हा ऐकत असतात फक्त बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर
आणि त्याची आई.

मी त्याचा आवाज धरते. सतरा वर्षं झाली.
लांब काठीच्या टोकाला केसाळ माइक,
हात भरून येतात, तरी हलायचं नाही.
दिवसा मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते:
ऐकू आलं की हात वर करा.
काही जण ऐकू न येताच करतात.
भिडस्त असतात माणसं.

पहिला सिनेमा गोठलेल्या तळ्यावर.
एक विमा एजंट, मासे धरणाऱ्यांच्या झोपड्यांतून
बुडण्याचा विमा विकत हिंडतो.
पैशासाठी होडी विकली.
मार्गिट म्हणाली, मग उन्हाळ्यात काय करशील?
उन्हाळ्यात एडिटिंग, म्हणाला.
तिसऱ्या दिवशी खरंच घसरला.
तोंडावर आपटणे म्हणजे काय ते मी
हेडफोनमधून ऐकलं. दात एक, चष्मा एक.
उठून, रक्त थुंकून, पहिला शब्द:
"फोकस?"

चर्चच्या तळघरात लावला तो. अकरा माणसं,
घडीच्या खुर्च्या, कॉफीचा भलामोठा थर्मास.
कोणी हसलं नाही. आमच्याकडे हसतात ते घरी जाऊन.
फक्त मागच्या रांगेत एकजण,
तेही दफनाच्या दृश्यात,
नाकातून फुसकन.
ते दोन सेकंद लेनर्टने माझ्याकडून मागून नेले,
रात्रभर ऐकत बसला.
का हसला असेल?
पुढचा अख्खा सिनेमा त्या एका माणसासाठी लिहिला.
तो आलाच नाही.

माणसाचं हसं होतं आयुष्यात एकदा-दोनदा,
आणि तो गाव सोडतो.
हा दर अडीच वर्षांनी
ठरवून, पदरमोड करून, तिकीट लावून
स्वतःचं हसं करून घेतो.
तेही कधी कधी धड होत नाही.

आईला एकदा न्यायाधीश केलं, झगा कॉयरमधला.
तिने संवाद सोडून त्याला सत्तर डॉलर दंड ठोठावला,
मागच्या नाताळात उसने नेलेले.
तो शॉट ठेवला. सत्तर डॉलर दिले नाहीत.
पोर्तुगालात कुठेतरी बक्षीस मिळालं, लाकडी कोंबडा.
कस्टमवाल्यांनी अडवला. सोडवायला गेलो,
तर कोंबड्यापेक्षा मसाला महाग.

यंदा कंबरेत स्टीलचा सांधा.
डॉक्टर म्हणाली, आता पडणं बंद.
म्हणून सेंट पॉलहून केंग व्हांगला आणलं,
चोवीस वर्षांचा, सर्कस शिकलेला.
काय पडायचा! थेट मांजर.
नऊ टेक झाले. लेनर्ट नुसता मान हलवत.
"छान पडतोस रे. पण तुला पडायचंय.
पडायचं नाहीये तुला.
हातात ट्रे, ट्रेमध्ये सूप, समोर होणारी सासू,
आणि सगळं नीट चाललंय असं तुला वाटतंय,
अगदी जमीन लागेपर्यंत."
दहावा बरा झाला. बराच.

सामान भरताना, पावणेपाचच्या अंधारात,
लेनर्ट खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन पार्किंगमधून येत होता.
कॅमेरा पेटीत गेलेला.
माझा रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता.
आधी बुटाची कर्र. मग अर्धी शिवी.
मग धप्प. मग काहीच नाही,
चार सेकंद, नंतर मोजले मी,
तेव्हा ते चार वाटले नव्हते.
मग हसू. बारीक, नाकातून,
कोणाला ऐकू जाऊ नये असं.

एडिटिंगला मी न सांगता तो आवाज लावला.
पडद्यावर पडतो केंग,
कानाला पडतो लेनर्ट.
त्याने ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं.
माझ्याकडे बघितलं बराच वेळ,
आणि म्हणाला,
"सूप सांडल्याचं कुठाय?"