गुंजेच्याही खाली

मांडवीच्या खाडीला ओहोटी लागली
की तातू मला तिवराची पानं काढून देतो.
गुडघाभर चिखल, चिखलात खुबे,
पानांच्या पाठीवर पांढरं मीठ.
"नीट धू," मॅडम म्हणतात,
"मीठ राहिलं तर सोनं बिघडतं."

मग सावलीत सात दिवस. मग मिक्सर,
घरचाच, खोबऱ्याच्या वाटपाचा;
आई अजून विचारते, कुठे गेला.
पूड उकळायची, गाळायची.
रंग चहाचा, वास खाडीचा.

सोनं कुरिअरने येतं,
एक ग्रॅम, तपकिरी बाटलीत.
पाण्यात सोडलं की फिकट पिवळं,
पाहुणे वाढल्यावर केलेल्या सरबतासारखं.

बाबांनी चाळीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बाजारात
बागेसरीवर फुंकणी धरली.
दुकानाचा केरही टाकायचा नाही, पोत्यात भरायचा.
वर्षातून एकदा झारेकरी यायचा,
पाटीत पाणी घालून तो केर फिरवत बसायचा
आणि हरवलंय हेच ज्याचं आम्हाला माहीत नसे
ते तळाशी चमकताना दाखवायचा.
एक गुंज. अर्धी गुंज.
त्याखाली बाबांचा काटा गप्प.

मी काम करते
त्या गप्पपणाच्या आत.

साठ अंशांवर पंधरा मिनिटं काहीच नाही.
मग कुणी न ढवळता
पिवळं करडं झालं, करडं जांभळट,
आणि मी वहीत वेळ लिहून वर बघते
तो लाल.

बाटली घरी नेली.
बाबांनी ती उन्हात धरली, डोळ्याला भिंग लावलं,
बराच वेळ लावून ठेवलं.
"सोना खंय लाल जाता? ह्यां आगळ आसा.
वायच मीठ घाल."
मी हसले, पण बाटली त्यांच्या हातून काढून घेतली.

फटू तांडेलाच्या टाचेत
शिंगाळ्याचा काटा मोडला तो श्रावणात.
दिवाळी आली तरी जखम ओली,
तीनदा गोळ्या बदलल्या.
त्याच्या पायातले जंतू
कापसाच्या बोळ्यावरून आमच्याकडे आले
आणि काचेच्या ताटलीत
रातोरात सायीसारखे धरले.

त्यांच्यात चार टिकल्या ठेवल्या, कागदाच्या.
सकाळी एकीभोवती साय नव्हती.
स्वच्छ, गोल. सोनाराच्या मुलीने
पट्टी लावून वेढ्याचं माप घेतलं:
चौदा मिलिमीटर.

दुसरी टिकली नुसत्या पाण्याची. शून्य.
तिसरी फटूच्या गोळीची. तीही शून्य,
साय तिच्या कडेला टेकलेली.
चौथी नुसत्या पानांच्या काढ्याची,
सोन्याचा स्पर्शही नसलेली.
अकरा.

मी पट्टी पुसून पुन्हा लावली.
अकरा.
"दोन्ही लिही," मॅडम म्हणाल्या,
"आणि आधी अकरा लिही."

फटू बंदरावर भेटतो, पाय ओढत.
"औषध झाला काय गो?"
मी सांगते, ताटली वेगळी, टाच वेगळी,
मधे उंदीर आहेत, परवानग्या आहेत,
कितीतरी वर्षं आहेत.
"तवसर पाय ऱ्हवतलो मां?" तो म्हणतो
आणि स्वतःच हसतो. मला हसता येत नाही.

रात्री बाबा जेवता जेवता थांबले.
"म्हणजे सोन्याचे तीन.
आणि त्या तीनाचो भाव काय?"
मला सांगता आलं नाही.
त्यांनी मान हलवली,
जशी खोट सापडल्यावर हलवत
किंवा नाही सापडली तरी.

आज भांडी धुताना
धुवण लालसर होतं, जेमतेम.
नळ सोडता सोडता हात थांबला.
झारेकरी यायचा बंद झाला, त्याला बारा वर्षं झाली.
मी ते धुवण बरणीत भरलं,
झाकण लावलं,
वर तारीख घातली.